पीआयआर सेन्सर, रिले आणि कधीच न विझणारी जिन्यातली ट्यूब: एक केस

पुण्यातली जुनी चार मजली सोसायटी, लिफ्ट नाही, प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये दोन एलईडी ट्यूब, आणि त्या संध्याकाळी कोणीतरी लावायचं ते सकाळी दूधवाला येऊन बंद करेपर्यंत चालूच. कॉमन मीटरचं बिल बघून कमिटीने ठरवलं की माणूस आला की लागेल आणि गेला की विझेल असं काहीतरी बसवायचं. तयार सेन्सरवाले दिवे घ्यायचे नव्हते कारण ट्यूब नुकत्याच बदललेल्या, मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या भाच्याने, डिप्लोमाला आहे तो, पांढऱ्या घुमटाचा एचसी-एसआर ५०१ पीआयआर सेन्सर (माणसाच्या अंगाची उष्णता हलली की ओळखणारा) आणि रिले (छोट्या करंटने मोठा दिवा लावणारा-विझवणारा स्विच) असा स्वस्तातला जुगाड सुचवला. कल्पना एकदम बरोबर होती, त्यात काहीच खोट नाही. माझ्याकडे हे आलं तोवर त्या पोराचे तीन प्रयोग होऊन गेले होते आणि चेअरमन काका वैतागून "अरे सेन्सर काढून टाक, साधं बटण लाव" इथपर्यंत आलेले.

तीन प्रयोग सांगतो, कारण नेमकं याच तीन ठिकाणी बहुतेक सगळे अडकतात.

पहिला प्रयोग, सेन्सरचं आउटपुट थेट ५ व्होल्टच्या रिलेच्या कॉइलला (आतली तारेची गुंडाळी, तिच्यात करंट गेला की स्विच ओढला जातो). टक असा आवाजसुद्धा नाही. पोराचं म्हणणं असं की आउटपुटला मीटर लावला तर ३.३ व्होल्ट दाखवतो, रिले ५ चा आहे, म्हणजे थोडंसंच कमी पडतंय. पण मुद्दा व्होल्टचा नव्हताच, करंटचा होता. आपल्याकडे तो निळा चौकोनी रिले सगळीकडे मिळतो, सोंगलचा एसआरडी, त्याच्या ५ व्होल्टवाल्या कॉइलचा रेझिस्टन्स ७० ओहम, म्हणजे ५ व्होल्टवर ती ७१ मिलीअँप ओढते. आणि या सेन्सरच्या बोर्डावर चिपच्या पायापासून आउटपुट पिनपर्यंतच्या वाटेत १ के चा रेझिस्टर बसवलेला आहे. आउटपुट हाय असताना (म्हणजे माणूस दिसल्यावर पिनवर ३.३ व्होल्ट असताना) मी मीटर मिलीअँपवर ठेवून पिन सरळ ग्राउंडला टेकवली तर तीनेक मिलीअँप आले, बास, तेवढीच त्याची ताकद. आता हिशोब बघा, ३.३ व्होल्ट, वाटेत १००० ओहम, पुढे ७० ओहमची कॉइल, कॉइलच्या वाट्याला येतात जेमतेम ०.२ व्होल्ट. रिले उचलायला रेटेड व्होल्टेजच्या ७५ टक्के लागतात, म्हणजे पावणेचार. मोकळ्या पिनवर मीटरने दिसणारे व्होल्ट लोड जोडल्यावर राहतीलच असं नसतं, आणि सेन्सरच्या बाबतीत तर धरूनच चालायचं की राहणार नाहीत. तो १ के आहे म्हणून सेन्सर वाचला खरंतर, नाहीतर चिपच्या आउटपुटवर सगळा भार आला असता.

दुसरा प्रयोग, बाजारातून तयार रिले मॉड्यूल आणलं, १२ व्होल्टचं, ऑप्टोवालं (आतल्या एलईडीच्या प्रकाशाने सिग्नल रिलेकडे नेणारी चिप असलेलं). सेन्सर १२ वर चालतो, अ‍ॅडॅप्टर १२ चा, सगळं जुळतंय असं वाटतं. जोडल्याबरोबर रिले उचलला आणि नंतर सोडेचना, माणूस असो नसो. ही गंमत नीट समजून घेण्यासारखी आहे. यातली बरीच मॉड्यूल उलटी असतात, इनपुट खाली ओढलं की रिले चालू, कारण ऑप्टोच्या एलईडीचं एक टोक आतून मॉड्यूलच्या १२ व्होल्टला बांधलेलं असतं आणि दुसरं इनपुट पिनवर येतं. इनपुट ० असेल तर करंट वाहतो, रिले चालू. आणि ३.३ दिला तर? १२ मधून ३.३ गेले तरी पावणेनऊ व्होल्ट शिल्लक, ऑप्टोचा एलईडी आणि बोर्डावरचा छोटा लाल एलईडी मिळून तीनेक व्होल्टच खातात, त्यामुळे करंट वाहतच राहतो. म्हणजे सेन्सर हो म्हणू दे नाहीतर नाही, मॉड्यूलला दोन्ही सारखंच. ५ व्होल्टचं तेच मॉड्यूल असतं तर निदान बंद तरी झालं असतं, फक्त उलटं, माणूस आल्यावर अंधार आणि गेल्यावर उजेड.

आणि यात अजून एक वाईट गोष्ट लपलेली आहे. आउटपुट हाय असताना मॉड्यूलमधून करंट सेन्सरच्या पिनमध्ये आत शिरतो आणि चिपमधून तिच्या ३.३ च्या सप्लायवर जातो. बोर्डावरचा छोटा रेग्युलेटर करंट देतो, परत घेत नाही, आणि सेन्सर स्वतः मिलीअँपच्या शंभराव्या भागाच्या हिशोबात करंट खातो, त्यामुळे तो सप्लाय ३.३ च्याही वर चढू शकतो. तो बोर्ड नंतर वेडंवाकडं वागायला लागला होता, माझ्या मते कारण बहुतेक हेच. तयार मॉड्यूल वापरायचंच असेल तर हाय-लो निवडायचा जंपर असलेलं घ्या, आणि तरी जोडायच्या आधी मॉड्यूलच्या मोकळ्या इनपुट पिनवर मीटर लावून बघा. तिथे सेन्सरच्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर थेट जोडू नका.

तिसऱ्या प्रयोगात पोरगं बरोबर रस्त्याला लागलं होतं. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर (बेस या पायात थोडा करंट दिला की कलेक्टर ते एमिटर मोठा करंट वाहू देणारा), बेसला ४.७ के चा रेझिस्टर, आणि १२ व्होल्टचा रिले. हे चाललं. काही आठवडे छान चाललं, सगळे खूश, आणि मग एका रात्री ट्यूब लागली ती विझलीच नाही. सेन्सर बदलला तरी तेच. ट्रान्झिस्टर काढून मीटरवर धरला तर कलेक्टर-एमिटर आरपार शॉर्ट. कारण कॉइलवर डायोडच (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) नव्हता.

इथे जरा थांबतो. रिले लावणं सगळ्यांना जमतं, भानगड असते ती सोडताना. कॉइलमधून ३० मिलीअँप वाहतायत आणि ट्रान्झिस्टर एकदम बंद झाला, पण कॉइलला तिचा करंट एकदम थांबवता येत नाही, ती स्वतःचं व्होल्टेज उलटं करून करंटला वाट शोधते आणि कलेक्टरवरचं व्होल्टेज वाट मिळेपर्यंत चढत जातं. बीसी ५४७ ची सहनशक्ती ४५ व्होल्टची. त्याच्या वर गेलं की ट्रान्झिस्टर जबरदस्तीने वाट देतो, प्रत्येक वेळी थोडा मार खातो, आणि जिन्यात दिवसाला किती वेळा माणसं वर-खाली करतात बघा. म्हणून हे सर्किट टेबलावर पास होतं आणि भिंतीवर मरतं. १एन४००७ डायोड कॉइलला समांतर, पट्टीचं टोक १२ व्होल्टकडे, एवढंच करायचं असतं, मग बंद होताना तो करंट डायोडमधूनच गोल फिरून जिरतो आणि कलेक्टर १२ च्या वर पाऊणेक व्होल्टच चढतो. डायोडमुळे रिले काही मिलीसेकंद उशिरा सोडतो पण जिन्याच्या ट्यूबला त्याने काय फरक पडतो. फक्त पट्टी उलटी लावू नका, तसं केलं तर ट्रान्झिस्टर चालू होताच १२ व्होल्ट डायोडमधून सरळ त्याच्यावर येतात आणि तो लगेच जातो.

आता नवीन जोडणी करायला घेतली. पहिला निर्णय रिलेचा, १२ व्होल्टचाच ठेवला. दोन्ही रिले साधारण सारखीच पॉवर खातात, ०.३६ वॅट, पण १२ वाल्याची कॉइल ४०० ओहमची आणि करंट फक्त ३०. सेन्सरची ताकद तीन मिलीअँप असताना ७१ च्या मागे कशाला लागायचं, सेन्सरही १२ वर चालतोय, अ‍ॅडॅप्टरही आहे.

दुसरा, बेसचा रेझिस्टर. भाच्याच्या ४.७ के मध्ये बोर्डावरचा १ के मिळवला की ५.७ के, बेसला ३.३ वजा ०.७ म्हणजे २.६ व्होल्ट, करंट आला ०.४५ मिलीअँप. त्यातून ३० काढायचे तर गेन, म्हणजे बेसच्या किती पट करंट कलेक्टरमधून वाहतो तो आकडा, ६५ च्या वर हवा. बीसी ५४७ चा गेन डेटाशीटमध्ये ११० पासून ८०० पर्यंत लिहिलेला दिसतो म्हणून लोक म्हणतात भरपूर आहे की, पण तो आकडा २ मिलीअँपवरचा आणि ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा असतानाचा आहे. स्विच म्हणून पूर्ण उघडायचा असेल तर त्याच डेटाशीटमध्ये सॅच्युरेशनचे आकडे बघायचे, ते १०० मिलीअँप कलेक्टरला ५ मिलीअँप बेस असे दिलेत, म्हणजे २० ला १. म्हणून बाहेरचा रेझिस्टर १ केच घेतला. एकूण २ के, बेसला १.३ मिलीअँप, प्रमाण साधारण २३ ला १, चालतंय. रिले चालू असताना कलेक्टर-एमिटरमध्ये मीटर लावला तर ०.१ व्होल्टच्या आसपास, म्हणजे बाकी सगळं कॉइलला मिळतंय. हे माप नक्की घ्याच. तिथे एक-दोन व्होल्ट दिसले तर रिले आज उचलेल, पण मे महिन्यात वरच्या मजल्यावर स्लॅबखाली उचलेलच असं नाही, कारण तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला ०.४ टक्के वाढतो, २० वरून ४५ डिग्रीला गेलं की उचलायला लागणारे ९ व्होल्ट जवळपास १० होतात.

बेस आणि एमिटरमध्ये १० के टाकला. सेन्सर शाबूत असताना त्याची गरज नाही, तो स्वतःच आउटपुट खाली ओढतो, पण पॅसेजमधली वायर तुटली किंवा कनेक्टर सैल झाला तर बेस हवेत लटकू नये म्हणून. करंटमधला तोटा ०.०७ मिलीअँपचा, म्हणजे काहीच नाही.

समजा कोणाकडे ५ व्होल्टचेच रिले असतील तर बीसी ५४७ च्या नादी लागू नका. ७१ मिलीअँपला २० च्या हिशोबाने साडेतीन मिलीअँप बेस पाहिजे आणि सेन्सरच्या अंगात तेवढे नाहीत. तिथे युएलएन २००३ ही चिप घ्या, आत डार्लिंग्टन जोडी (एकामागे एक जोडलेले दोन ट्रान्झिस्टर) आणि बेसचे रेझिस्टर सगळं आहे, ३.३ वर अर्धा मिलीअँप घेऊनही आरामात उघडते. फक्त ती स्वतः जवळपास एक व्होल्ट खाते, ५ च्या रिलेला ४ च मिळतात, आणि उचलायला पावणेचार लागतात, म्हणजे तिथेही काठावरच. १२ च्या रिलेला ती उत्तम. आणि तिची ९ नंबरची पिन १२ व्होल्टला जोडायला विसरू नका, आतले डायोड त्या पिनवर एकत्र येतात, ती मोकळी सोडली की भाच्याच्या तिसऱ्या प्रयोगाच्याच जागी येऊन उभे राहाल.

तिसऱ्या मजल्याच्या बोर्डावर एक वेगळंच प्रकरण. रिले उचलतच नव्हता पण कॉइलवर मीटर लावला तर सेन्सर बंद असतानाही चारेक व्होल्ट कायम. दुकानदाराने बीसी ५४७ संपले म्हणून २२२२ हे दुसरे ट्रान्झिस्टर दिले होते, "सेमच आहे साहेब". काम तेच करतो हो, पण पाय उलटे. ५४७ ची सपाट बाजू समोर धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर, आणि या २२२२ ला एमिटर, बेस, कलेक्टर. उलटा बसला की एमिटरवर कॉइलमधून १२ व्होल्ट येतात, एमिटर-बेस जोड ६-७ व्होल्टला हार मानतो आणि तिथून कॉइलमधून कायम करंट गळत राहतो. फिरवून लावला, चालू झाला. २२२२ नावाचे काही तुकडे ५४७ सारख्याच पायांचेही मिळतात, त्यामुळे नावावर जाऊ नका, मीटरच्या एचएफई (गेन मोजायच्या) भोकात घालून बघा, बरोबर बसला की गेन शंभराच्या पुढे दाखवतो, उलटा बसला की दहाच्या आत.

मग सगळं बसवलं, आणि खरी डोकेदुखी आता सुरू झाली. ट्यूब लागायची, वेळ संपला की विझायची, दोन-तीन सेकंद अंधार, आणि परत लागायची. जिन्यात चिटपाखरू नाही. काका म्हणाले "मांजर असेल". मांजर नव्हतं, मी पायरीवर बसून बघत होतो.

या सेन्सरच्या चिपमध्ये, बीआयएसएस ०००१ आहे ती, आउटपुट बंद झाल्यावर अडीचेक सेकंद ती काहीच ऐकत नाही. म्हणजे रिले सोडतानाचा धक्का तिने ऐकलाच नाही असं वाटेल. पण पीआयआरचा सिग्नल असतो मिलीव्होल्टचा, तो आत प्रचंड वाढवला जातो आणि ती वाढवणारी सर्किटं मुद्दाम मंद ठेवलेली असतात कारण माणूस मंद हलतो. सप्लायला एक झटका बसला की ती सर्किटं सावरायला काही सेकंद घेतात, तोवर अडीच सेकंद संपलेले असतात आणि चिपला वाटतं कोणीतरी आलं. रिले लागतो, वेळ संपतो, सोडतो, परत झटका, परत लागतो. सर्किट स्वतःलाच माणूस समजत होतं.

झटका येतो कुठून हे शोधायला एकेक गोष्ट वेगळी केली. आधी ट्यूबची वायर काढली, रिले नुसताच टकटक करू दिला, प्रकार कमी झाला पण थांबला नाही. मग सेन्सरला वेगळी ९ व्होल्टची बॅटरी दिली, ग्राउंड तेवढं एकत्र ठेवलं, आणि पूर्ण थांबला. म्हणजे मुख्य गुन्हेगार सप्लाय. वायरमन दादांनी तळमजल्यावरच्या अ‍ॅडॅप्टरपासून टेलिफोनची बारीक वायर वर नेली होती आणि त्याच जोडीवर सेन्सर आणि रिले दोन्ही. रिले सोडला की ३० मिलीअँप एकदम गायब, वायरमधला ड्रॉप बदलतो, सेन्सरला तो टप्पा जाणवतो. उपाय दोन केले. रिलेला अ‍ॅडॅप्टरपासून स्वतःची वेगळी जोडी दिली, ग्राउंडसकट. आणि सेन्सरच्या अगदी पायाशी सप्लायमध्ये १०० ओहम आणि त्यापुढे २२० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर. सेन्सर इतका कमी खातो की १०० ओहमवर काही पडत नाही, पण झटका मात्र तिथेच बोथट होतो. ट्यूब काढल्यावर जो फरक पडला तो रिलेच्या कॉन्टॅक्टमधल्या (स्विचच्या टोकांमधल्या) ठिणगीचा, त्यासाठी रिलेचा बोर्ड सेन्सरपासून लांब मीटरच्या बाजूला नेला. सेन्सरच्या तोंडासमोर ट्यूब येत असेल तर तीही बाजूला घ्या, तापणारी-निवणारी वस्तू त्याला दिसतेच.

ठिणगीवरून आठवलं. दादांनी आपणहून कॉन्टॅक्टला समांतर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा आरसी (ठिणगी दाबायला एकापाठोपाठ जोडलेले रेझिस्टर आणि कपॅसिटर) लावला होता, पूर्वी मोटरच्या कामात लावायचे म्हणून. हेतू चांगला, पण मग विझलेल्या ट्यूब रात्री मिणमिणायला लागल्या. ५० हर्ट्झला त्या कपॅसिटरमधून सातेक मिलीअँप गळतात, जुन्या बल्बला ते कळलंसुद्धा नसतं, एलईडीच्या ड्रायव्हरला पुरतात. तोच आरसी कॉन्टॅक्टवरून काढून ट्यूबच्या बाजूला फेज-न्यूट्रलमध्ये लावला, मिणमिण गेली. कपॅसिटर एक्स-२ छापाचाच (थेट मेन्सवर लावण्यासाठी बनवलेला) पाहिजे, साधा २३० वर लावू नका.

आणि २३० चा विषय निघालाच आहे तर, या निळ्या रिलेच्या पायांची ठेवण बघून घ्या. एका टोकाला तीन पाय, त्यातले कडेचे दोन कॉइलचे आणि मधला कॉमन, म्हणजे आपण ज्याला फेज देणार तो. झिरो पीसीबीवर (आधीच भोकं पाडलेल्या जोडणीच्या बोर्डावर) १२ व्होल्टच्या दोन सोल्डर-जोडांच्या बरोबर मध्ये २३० व्होल्ट. भाच्याच्या बोर्डावर मधली तांब्याची वर्तुळं तशीच होती आणि सोल्डर जरा पसरलेलं. मी मधली सगळी वर्तुळं ब्लेडने खरवडून काढली, फेजची वायर बोर्डावरून न फिरवता थेट पायाला लावली, बोर्ड प्लॅस्टिकच्या बंद डब्यात टाकला आणि सर्किटला वेगळा फ्यूज दिला. कॉन्टॅक्टवर १० अँप छापलेलं असतं ते हीटरसारख्या साध्या लोडचं, एलईडी ड्रायव्हर चालू होताना क्षणभर कितीतरी पट ओढतो, म्हणून एका रिलेवर एकाच मजल्याच्या दोन ट्यूब ठेवल्या, काका चारही मजले एकावर टाकू म्हणत होते.

आता एकच तक्रार राहिलीय. लाईट जाऊन आली की सगळ्या मजल्यांच्या ट्यूब आपोआप लागतात, मिनिटभर लागत-विझत राहतात आणि मग शांत होतात. सेन्सर गरम व्हायचा वेळ असतो तो, तेवढ्यात आउटपुट दोन-तीनदा उगाच हाय होतं. टाळायचं तर रिलेच्या सप्लायला मिनिटभर उशीर लावणारं अजून एक सर्किट घालावं लागेल. मी नाही घातलं, लाईट आल्याआल्या जिन्यात उजेड पडतो ते लोकांना आवडलंय.